लाजाळू टोळ थवा का करतो?

बालमित्रांनो, शिंदखेड्याच्या शेतबांधावर उड्या मारणारे नाकतोडे तुम्ही पाहिलेच असतील. त्यांचाच भाऊबंद म्हणजे वाळवंटी टोळ. एकटा असला की तो लाजाळू. दुसरा टोळ दिसला की दूर सरकतो. पण दाटी झाली की हेच टोळ थवा करतात आणि उभे पीक फस्त करतात. मे २०२० मध्ये ही टोळधाड विदर्भात अमरावती-नागपूरपर्यंत आली होती.

हा बदल होतो कशाने? एकट्या टोळाच्या मागच्या पायाला ब्रशने दोन तास गुदगुल्या केल्या, तर तो चक्क गर्दीत मिसळू लागतो! २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचे कारण शोधले. टोळाच्या छातीतील मज्जातंतूंच्या गाठींत सेरोटोनिन नावाचे रसायन वाढते. ते रोखणारे औषध दिले, की टोळ लाजाळूच राहतो.

आता इवल्याशा गाठीतले रसायन मोजायचे कसे? गाठ थंड आम्लात वाटून गाळतात. तो रस बारीक भुकटी भरलेल्या नळीतून जोराने ढकलतात. प्रत्येक रसायन आपापल्या वेळी बाहेर पडते. सेरोटोनिन आले, की यंत्रात विजेचा सूक्ष्म प्रवाह उमटतो. जेवढा प्रवाह मोठा, तेवढे सेरोटोनिन जास्त.

मग ते औषध शेतात का फवारत नाहीत? कारण सेरोटोनिन मधमाशीच्या अंगात असते, आणि तुमच्या-माझ्याही! टोळ थांबेल, पण मधमाशी वाचायला हवी ना? सांगा पाहू, तुम्ही काय उपाय कराल?