आपलं घर, आपली मुलं : कपाटावर ठेवलेलं पुस्तक



या खेपेला वाळवणं आणि लोणच्याच्या बरण्या जरा बाजूला ठेवू या. गेल्या महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचं पत्र आलं. तीन कागद, पाठपोट लिहिलेले, आणि शेवटी सूचना, "नाव छापू नये. गावही छापू नये." नाही छापत. पण त्यांची अडचण त्यांच्या एकटीच्या घरापुरती नाही, म्हणून त्यांची परवानगी घेऊनच ती तुमच्यापुढे मांडते आहे.

त्यांची मुलगी सातवीत आहे, वय वर्षे बारा. वाचनाची भारी हौस. सुट्टीत कंटाळू नये म्हणून आईनं वाचनालयातून तिला 'पाडस' आणून दिलं. हरणाच्या पाडसाची गोष्ट, त्यात वाईट ते काय असणार, असा सरळ हिशोब. पोरगी ते पुस्तक घेऊन सासरच्या गावी गेली आणि चार दिवसांनी जेवणाच्या पंगतीत तिनं आजीला विचारलं, "आजी, मोठ्या बाबांना कोणता साप चावला होता?"

मोठे बाबा म्हणजे या भगिनींचे थोरले दीर. आठ वर्षांपूर्वी गेले. घरातल्या लहानांना सांगितलं होतं, शेतात पान लागलं. आता झालं असं की 'पाडस'मध्ये जोडी नावाच्या मुलाच्या वडिलांना विषारी साप चावतो. ते तिथल्या तिथे एक हरिणी मारतात, तिचं काळीज दंशावर लावून विष ओढून काढायचा प्रयत्न करतात, पोराला डॉक्टर आणायला धाडतात, आणि अखेर वाचतात. (असले उपाय त्या काळच्या रानातले. आपण सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, हे सांगून ठेवते.) वाचताना आपल्या मुलीच्या मनात साहजिकच आलं, मग मोठ्या बाबांसाठी कुणी धावलं का नाही?

आजी म्हणाल्या, "नाग होता वं पोरी." वडील म्हणाले, "घोणस होती." दोघंही एकदमच बोलले. आणि जाऊबाई हातातली वाढणी खाली ठेवून आत निघून गेल्या.

पोरीनं पुन्हा विचारलं नाही. त्या रात्रीपासून ती वडिलांच्या मागे मागे राहते, ते बाहेर निघाले की कुठे जाता, कधी येता, असं दहादा विचारते. आईनं पुस्तक काढून कपाटावर ठेवलंय. खरं काय ते तुमच्या लक्षात आलंच असेल. साप नव्हताच. दोन वर्षं कापसानं दगा दिला होता, कर्ज अंगावर आलं होतं, आणि मोठ्या बाबांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं होतं.

पत्राच्या शेवटी ताई विचारतात, "असं काही नसलेलं एखादं साधं, चांगलं पुस्तक सुचवाल का?"

ताई, मी दोन दिवस विचार केला. घरातलं कपाट उपसलं. असं पुस्तक मला सापडलं नाही. म्हणजे, चांगलं असून असं काही नसलेलं.

पुस्तकांकडे येण्याआधी माझी एक गोष्ट सांगते. माझं माहेर खामगावकडचं. मी अकरा वर्षांची असताना आईच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. खामगावला दुरुस्तीला दिल्यात, असं आम्हा भावंडांना सांगण्यात आलं. ही दुरुस्ती चार वर्षं चालली! एके दिवशी ट्रंकेतून रजई काढताना तळाच्या वर्तमानपत्राखाली मला गहाणाची पावती सापडली. मी ती जशीच्या तशी परत ठेवली आणि कुणाला बोलले नाही. दिवाळीला फ्रॉक नको म्हणाले. सहलीचे पैसे मागितले नाहीत. आई शेजारणीला सांगे, "आमची ही भारी समजूतदार." समजूतदार कसली, मी घाबरले होते. रात्री पडल्या पडल्या हिशोब करायची की पाटल्यांनंतर काय जाईल, घर का म्हैस. एकटीनं करायची. कुणी मला चार वाक्यांत सांगितलं असतं की आजोबांच्या आजारपणात पैसे लागले आणि आपण ते फेडतो आहोत, तर मी झोपले असते हो!

म्हणून मला वाटतं, मुलांना गुपित कळत नाही अशी आपलीच समजूत असते. त्यांना अर्धं कळतं. उरलेलं अर्धं ती मनानं भरतात, आणि ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं.

आता पुस्तकांचं. 'श्यामची आई' आपण किती निर्धास्तपणे मुलांच्या हाती देतो! साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यावरच्या अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. आपण त्यातलं पायाला घाण लागू नये म्हणून धरलेला पदर आणि देवाची फुलं तेवढी लक्षात ठेवतो. पण पुन्हा उघडून पाहा. बेचाळीस रात्री सांगितलेली ती गोष्ट म्हणजे एका खात्यापित्या घराची घसरण आहे. भाऊबंदकी, मग कर्ज, मग सावकाराचा माणूस दारात, मग जप्ती. आईचा अपमान होताना मुलगा पाहतो. ती जाते तेव्हा तो शिकायला दूर असतो. आणि कोकणातल्या त्या घराची गोष्ट वऱ्हाडातल्या पोरांना परकी वाटत नाही, कारण सावकाराचा माणूस इथल्या दारांनाही माहीत आहे.

प्रकाश नारायण संत यांचा लंपन तुम्हाला ठाऊक असेल. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' अशी चार पुस्तकं. कथा म्हणा, एकत्र वाचल्या की कादंबरीच होते. आईवडील एका गावी, आणि हा पोर आजीआजोबांकडे दुसऱ्या गावी. संत हे कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव. त्यांचं स्वतःचं लहानपणही आजोळी बेळगावला गेलेलं. लंपनला कुणी समोर बसवून काही समजावत नाही. मोठी माणसं बोलता बोलता थांबतात आणि तो तुकडे जोडत बसतो. वाचताना हसून हसून पुरेवाट होते आणि मध्येच घशात आवंढा येतो. तुमच्या मुलीला हा लंपन नक्की आवडेल. पण ताई, मरण त्याच्याही घरात येतं, हे आधीच सांगून ठेवते.

आपल्याच बाजूची उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना जरूर द्यावी. संवाद सगळे वऱ्हाडी, आजीच्या तोंडचे वाटावेत असे. कौतिक ही बाई संसार ओढते आणि नवऱ्याला महारोग होतो. तो रोग आज औषधानं बरा होतो. त्या काळी घरातले लोक त्याचं नावसुद्धा दबक्या आवाजात घेत.

आणि 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या बाईंची ही अमेरिकन कादंबरी १९३८ ची. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. राम पटवर्धन यांनी १९६७ साली ती मराठीत आणली, आणि आणली ती अशी की फ्लॉरिडातलं रान आपल्या ज्ञानगंगेच्या रानासारखं ओळखीचं वाटावं. मरणाऱ्या त्या हरिणीचं पाडस जोडी घरी आणतो, भावासारखं वाढवतो. पण पाडस मोठं होतं आणि शेतातली उगवून आलेली मक्याची रोपं खाऊन टाकतं. पुन्हा पेरलं, पुन्हा खाल्लं. दुबार पेरणी म्हणजे काय हे बुलढाण्याच्या बाईला मी काय सांगू! वर्षाचं धान्य की पाडस, असा प्रश्न येतो, आणि निकाल बारा वर्षांच्या पोराच्या हातून होतो. तो घर सोडून पळतो, उपाशी फिरतो, परत येतो. मग वडील त्याच्याशी बसून बोलतात. काहीही न लपवता, बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं.

त्या कादंबरीतली आई मला पहिल्या वाचनात मुळीच आवडली नव्हती. कडक, तुसडी. दुसऱ्यांदा वाचताना कळलं, तिची किती तरी मुलं जोडीच्या आधी गेलेली आहेत, आणि या एकट्यावर माया करायलाही ती भिते. तुमच्या जाऊबाई वाढणी ठेवून आत गेल्या ना, तेव्हा मला तिची आठवण झाली.

तेव्हा ताई, पुस्तक बदलून काही होणार नाही. आधी तुम्ही स्वतः एक वाचा : सदानंद देशमुख यांची 'बारोमास'. ते तुमच्याच जिल्ह्यातले. कादंबरी २००२ ची, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. शिकलेला पण नोकरी न मिळालेला शेतकऱ्याचा मुलगा, शहराच्या वळणाची त्याची बायको, आणि कितीही राबलं तरी न परवडणारी शेती. मुलीसाठी ती अजून लवकर आहे. तुमच्यासाठी आहे. वाचलीत की थोरल्या दिरांवरचा राग कमी होईल. पत्रात तुम्ही तो कुठेच लिहिलेला नाही, पण ओळीओळीत दिसतो. २००६ साली केंद्र सरकारनं विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, वर्धा यांच्याबरोबर तुमचा बुलढाणाही होता. म्हणजे दार बंद करून तुम्ही जे झाकताहात, ते शेजारच्याही अनेक घरांत झाकलेलं आहे.

मग मुलीला सांगायचं कसं? पहिली गोष्ट, आधी जाऊबाईंना विचारा. दुःख त्यांचं आहे, आणि त्यांची दोन मुलं तर तुमच्या मुलीहून मोठी. तुम्ही लिहिता, त्यांना सगळं ठाऊक आहे आणि "बोलायचं नाही" अशी ताकीद दिलेली आहे. आठ वर्षं दोन पोरं आपल्या बापाविषयी खोटं बोलत आली आहेत, ताई! घरातल्या घरात, आपल्याच चुलत बहिणीशी. मला या सगळ्यात त्यांची काळजी अधिक वाटते.

जाऊबाई हो म्हणाल्या तर तुमच्या यजमानांनीच सांगावं, तुम्ही शेजारी बसा. मुलगी त्यांच्याच मागे मागे फिरते आहे, तेव्हा उत्तरही त्यांच्याच तोंडून यावं. सणावाराला नको, पाहुण्यांत नको, निजायच्या वेळी तर मुळीच नको. माझा अनुभव असा की हात कामात असले की जीभ सैल होते. दुपारी शेंगा फोडायला बसा, मिरच्यांची देठं काढायला बसा. समोरासमोर डोळ्यांत पाहून बोलण्यापेक्षा ते सोपं जातं, मोठ्यांनाही.

सांगायचं ते थोडकंच. साप नव्हता. आम्ही खोटं सांगितलं, कारण आम्हालाच बोलायला जमत नव्हतं. मोठ्या बाबांना काळजीनं घेरलं होतं, मन आजारी पडलं होतं, आणि मदत मागता येते हे त्या वेळी त्यांना सुचलं नाही. यात कुणाचा दोष नाही, तुझा तर नाहीच. कसं झालं, कुठे झालं, याचं वर्णन करू नका. ती विचारील. "ते मी आत्ता सांगणार नाही, पण जे सांगेन ते खरंच सांगेन," एवढं म्हणा. 'देवानं बोलावलं', 'सुटले बिचारे' असलं तर कुणाला बोलू देऊ नका. पोरांना सुटकेची वाट दाखवल्यासारखं होतं ते.

मग तिचा खरा प्रश्न येईल, तो विचारला नाही तरी आहेच. बाबा, तुम्ही पण? त्याला यजमानांनी टाळू नये, हसण्यावारी नेऊ नये. आपल्यावर कर्ज असेल तर आहे म्हणावं, कसं फेडतो ते सांगावं, आणि मला जड झालं तर मी आईला सांगेन, डॉक्टरकडे जाईन, असा शब्द द्यावा. एकदा सांगून भागणार नाही. महिनाभर ती पुन्हा पुन्हा विचारील, तेवढ्या वेळा सांगावं लागेल. तिची झोप, जेवण बिघडलेलं राहिलं, किंवा घरात कुणाचंही मन फारच खचलेलं दिसलं, तर सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन करायचा, दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतून बोलता येतं. जाऊबाईंनाही हा क्रमांक द्या.

आजी कदाचित रागावतील. "काय करतं पोरीले सांगून?" म्हणतील. त्यांचा मुलगा गेला आहे. नाग होता, हे त्या आठ वर्षं स्वतःलाच सांगत आल्या असतील, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. त्या नाग म्हणाल्या तर म्हणू द्या. मुलीला फक्त एवढं सांगा, आजीला अजून दुसरं बोलवत नाही.

आणि ते पुस्तक कपाटावरून खाली काढा. पत्रात तुम्ही लिहिलंय की खूण अर्ध्याच्या थोडी पुढे आहे, म्हणजे पाडस अजून घरात बागडतंय. शेवटच्या प्रकरणांच्या वेळी आसपास राहा, चहा करायला उठू नका. पण पुढे काय होतं ते तिला सांगू नका बरं का. आणि वाचनालयाची मुदत संपली असेल, तर दंड भरून पुन्हा नावावर करून घ्या.