बिल्ला नव्हे, काम द्या



सत्र सुरू झाले की शाळेत मॉनिटर आणि कप्तान निवडले जातात. बिल्ले लावतात, टाळ्या पडतात, फोटो निघतात. पण इतकी वर्षे शिकवल्यावर आमचे मत असे झाले आहे की नेतृत्व बिल्ल्याने येत नाही; खरे काम अंगावर पडले की येते.

याचे उदाहरण आपल्या उज्जैनमध्येच आहे. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर (१९१९-१९८८) यांनी १९५७ साली रेल्वेतून जाताना भीमबेटकाचे खडक पाहिले आणि तेथील आदिमानवाची चित्रे जगापुढे आणली. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारसा यादीत गेले. सामान्य ज्ञानासाठी मुले हे पाठ करतात. आम्हाला मात्र त्यांच्यातला शिक्षक अधिक मोठा वाटतो. उज्जैनच्या भारती कला भवनात ते चित्रकला शिकवीत आणि शिष्यांना घेऊन रानावनात, गुहांत जात. गुहेतले चित्र कागदावर उतरवताना पदरची एक रेघही घालून चालत नाही. प्रामाणिकपणाचा याहून चांगला पाठ कोणता? त्यांचे शिष्य सचिदा नागदेव पुढे नामवंत चित्रकार झाले.

आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. पाठ्यपुस्तकातले पुष्कळ विसरलो, पण ज्या गुरुजींनी विश्वासाने ग्रंथालयाची किल्ली हाती दिली, ते आजही आठवतात.

आता काही पालक म्हणतात, महिन्यातला सहलीचा शनिवार बंद करून त्या दिवशी टेस्ट घ्या. त्यांची काळजी आम्हाला समजते. स्पर्धा कठीण आहे. पण मागच्या वर्षी नववीची मुले कायथ्याला गेली. येथून सुमारे २५ किलोमीटरवरचे हे गाव चार हजार वर्षांहून जुन्या वस्तीसाठी प्रसिद्ध आहे. हजेरी, पाणी आणि खर्चाचा हिशेब मुलांवरच सोपवला होता. गणितात जेमतेम पास होणाऱ्या एका मुलाने दुसऱ्या दिवशी उरलेले वीस रुपये हिशेबाच्या कागदासह आणून दिले. हे गुण कोणत्या मार्कशीटवर लिहायचे?

म्हणून विश्वस्तांना विनंती, हा एक शनिवार राहू द्यावा. पालकांनी मुलांचे प्रोजेक्ट स्वतः करून देऊ नयेत. वाकडे झाले तरी त्यांनाच करू द्यावे. आणि मुलांनो, पुढच्या सहलीची जबाबदारी ज्यांना कधीच बिल्ला मिळाला नाही, त्यांच्याकडे असेल.

२०२८ मध्ये सिंहस्थ आहे. गर्दीत चुकलेल्या आजोबांचा हात धरून त्यांना ठिकाणावर पोहोचवणारी मुले या शहराला लागतील. ती आपल्या शाळेची असावीत, एवढीच आमची इच्छा आहे.

– प्राचार्य