शाईलाही मर्यादा हवी

आपल्याकडे बहुतेक घरांत भिंतीवर एखादा जुना कृष्णधवल फोटो असतोच. चंद्रकळा नेसलेली आजी, शेजारी काळ्या कोटातले आजोबा. फोटो पिवळा पडू लागला की नातवंडे तो स्कॅन करतात आणि घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापतात. पडद्यावर चंद्रकळेच्या निऱ्या स्पष्ट दिसतात, कागदावर मात्र नुसता काळा ठिपका उतरतो. मग प्रिंटरला बोल लावला जातो. खरे तर पुष्कळदा चूक असते ती शाईच्या प्रमाणात.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. रान पिईल तेवढेच पाणी पिते, पुढचे वर साचते. कागदाचेही तसेच. ठरावीक प्रमाणापर्यंत शाई वाढवली की काळेपणा वाढतो. त्यापुढे शाई वाढते, काळेपणा वाढत नाही. काही कागदांवर तर तो उलट कमी होतो. शाई कडेने फुटते, कागदाला लाटा येतात. या सीमेला 'इंक लिमिट' म्हणतात. मराठीत 'अति तेथे माती', कन्नडमध्ये 'अतियादरे अमृतवू विष', अर्थ एकच.

ही सीमा शोधायची कशी? क्वाडटोन रिपसारखे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना प्रत्येक शाई स्वतंत्रपणे छापता येते. शून्यापासून १०० टक्क्यांपर्यंत पाच-पाच टक्क्यांनी वाढणारे २१ चौकोन छापावेत. कागद रात्रभर वाळू द्यावा, कारण ओल्या शाईचा रंग फसवा असतो. सकाळी खिडकीच्या उजेडात शेजारशेजारचे चौकोन ताडून पाहावेत. ७० आणि ७५ मध्ये फरक दिसतो, पण ७५ च्या पुढे सगळे सारखेच, तर मर्यादा ७५. डेन्सिटोमीटर असेल तर उत्तमच. चांगल्या मॅट कागदावर काळ्याची घनता साधारण १.६ पर्यंत जाते, चकचकीत कागदावर २ च्या वर. तेव्हा मॅटकडून चकचकीतचा काळा मागू नये.

मर्यादा ठरल्यावरच मधल्या करड्या छटा समान अंतरावर बसवायच्या. हा क्रम उलटा केला तर छटांचे काम पुन्हा करावे लागते. कागद बदलला, शाई बदलली, की पट्टीही नव्याने छापायची.

ज्यांच्याकडे साधा प्रिंटर आहे त्यांनी निदान सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार खरा सांगावा. साधा कागद घालून 'ग्लॉसी फोटो' निवडला तर प्रिंटर त्या कागदाला न पेलणारी शाई ओततो. फोटोतला काळा भाग जास्त असेल तर आधी तेवढाच तुकडा छापून वाळवून पाहावा.

यात एखादे पान खर्ची पडेल. पण मूळ फोटो दरवर्षी थोडा थोडा विटत चालला आहे. आजीच्या निऱ्या आणि आजोबांच्या कोटाची बटणे पुढच्या पिढीला दिसायची असतील, तर त्या पानाची काटकसर करू नये.