पोल्ट्रीचं खाद्य : टक्का पाहू नका, तोल पाहा



ऊस विकास अधिकाऱ्यानं कोंबडीच्या पोटाविषयी लिहावं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण 2012-13 आणि 2015-16 च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातला ऊस डोळ्यांदेखत वाळला. त्यानंतर ऊसबिलाच्या जोडीला दुसरा आधार हवा, म्हणून काही सभासदांनी मळ्यात मांसल कोंबड्यांची शेडं उभी केली. आता ऊसनोंदीला किंवा बेणेमळा पाहायला गेलो, की लागणीची गोष्ट निघण्याआधीच प्रश्न येतो, "साहेब, उसाचं नंतर बघू, आधी पिल्लं का मरतात ते सांगा!" मी पदविकेत पशुसंवर्धन शिकलो ते थोडंच. पुढचं पुस्तकांतून आणि पशुवैद्यकांना विचारून समजलं. त्यावरून माझं जे मत बनलं, ते मांडतो.

गेल्या उन्हाळ्यात एका सभासदाच्या शेडात गेलो. आत पाऊल टाकताच डोळे चुरचुरले. खालचं तूस ओलं चिकट झालेलं, पिल्लांचे तळपाय सोललेले, हगवण पातळ. शेतकरी कष्टाळू. तो म्हणाला, "खाण्यात कमी केलं नाही साहेब, वरून सोयापेंड घालतोय." पाण्यातून रोज कसलंसं औषध चालू होतंच. ती बॅच खर्चालाही पुरली नाही, आणि शेडाच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही.

त्या भल्या माणसाची चूक कुठं झाली? आपल्या चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो. पानं पिवळी दिसली, की काहीजण युरियाचं पोतं ओततात. ऊस काही हिरवा होत नाही, कारण कमी असतं ते लोह. तिथं हिराकस लागतो. कोंबडीच्या खाद्याचंही असंच आहे. प्रथिन ही एक वस्तू नव्हे. ती वीसेक ॲमिनो आम्लांची माळ आहे. त्यातली काही कोंबडीला शरीरात तयार करता येत नाहीत, ती खाद्यातूनच मिळावी लागतात. मक्यात लायसिन कमी. सोयापेंडीत लायसिन चांगलं, पण मेथिओनिन अपुरं. जे सर्वांत कमी, तेवढ्यावरच पिल्लाची वाढ अडते. बाकीची कितीही दिली तरी मांस होत नाही.

मग जास्तीचं प्रथिन जातं कुठं? काही रक्तात जाऊन युरिक आम्लाच्या रूपानं विष्ठेतून बाहेर पडतं. ते तुसात पडून त्याचा अमोनिया होतो, डोळ्यांना झोंबतो तो हाच. जे पचतच नाही, ते आतड्याच्या शेवटच्या भागात सडतं आणि क्लॉस्ट्रिडियमसारख्या घातक जंतूंना आयती मेजवानी मिळते. त्यात रक्ती हगवणीनं आतडं आधीच सोललेलं असलं, तर मरतूक ठरलेलीच. शिवाय जादा प्रथिन पचवताना अंगात उष्णता वाढते, आणि आपल्याकडचा मे महिना काही कोंबडीला माफ करीत नाही.

आतडं हे नुसतं नळकांडं नाही. त्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते, अन्न ती शोषून घेते. तिच्यावर बुळबुळीत संरक्षक थर असतो. हा थर तयार व्हायला थ्रिओनिन नावाचं ॲमिनो आम्ल भरपूर लागतं. ते कमी पडलं, तर जंतूंना वाट मोकळी होते. म्हणून लायसिन, मेथिओनिन आणि थ्रिओनिन ही तीन नावं पोल्ट्रीवाल्यानं युरिया, सुपर आणि पोटॅश यांच्याइतकी तोंडपाठ ठेवावीत, असं माझं मत आहे.

ही आम्लं तयार मिळतात. एका टनाला दोन-तीन किलो, इतकंच प्रमाण असतं. ती योग्य घातली, तर सोयापेंड कमी करता येते. एकूण प्रथिन एक टक्क्यानं उतरवलं, तर विष्ठेतला नत्र सुमारे 8 ते 10 टक्क्यांनी घटतो, असा अनुभव आहे. तूस कोरडं राहतं. 2021 च्या पावसाळ्यात सोयापेंडीचे भाव कडाडले आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली. ते दिवस आठवले, म्हणजे किलोभर पेंडीची किंमत कळते. अर्थात, हे मूठभर टाकून घमेल्यात कालवण्याचं काम नाही. ते यंत्रात सारखं मिसळावं लागतं, आणि प्रमाण जाणकारानंच ठरवावं. प्रथिन फार खाली नेलं, तर दुसरी आम्लं कमी पडू लागतात.

आता औषधांविषयी स्पष्ट बोलतो. आतडं बिघडलं की प्रतिजैविक, आणि बिघडू नये म्हणूनही प्रतिजैविक, ही सवय मोडली पाहिजे. कोलिस्टिन हे माणसाच्या जिवावर बेतल्यावर शेवटचा उपाय म्हणून ठेवलेलं औषध. तेही कोंबड्यांना चारलं जाई. जुलै 2019 मध्ये केंद्र सरकारनं खाद्यजनावरांसाठी त्यावर बंदी घातली. औषधाला न जुमानणारे जंतू शेडात तयार झाले, तर ते उद्या आपल्याच लेकराच्या तापात भेटतील. ॲमिनो आम्लं हा औषधाला पर्याय नव्हे. पण पोट मुळातच बिघडू न देण्याच्या उपायांत त्यांची जागा पहिल्या रांगेत आहे. स्वच्छ पाणी, कोरडं तूस आणि खेळती हवा या त्यांच्या सख्ख्या बहिणी. विहिरीचं पाणी खारट असेल किंवा भांडी शेवाळलेली असतील, तर कुठलंच आम्ल तुम्हाला वाचवणार नाही.

काहीजण म्हणतील, "साहेब, आम्ही करारावर पाळतो. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं. आमच्या हातात काय?" हातात एक गोष्ट आहे, विचारणं. पोल्ट्री खाद्याच्या भारतीय मानकात लायसिन आणि मेथिओनिनचे आकडे वेगळे दिलेले आहेत. पोत्यावर नुसतं प्रथिन लिहिलेलं असेल, तर बाकीचे आकडे मागा. एकटा माणूस मागेल तर हसतील. गटातल्या वीस शेडवाल्यांनी मिळून मागितले, तर द्यावेच लागतील. आपण उसाचा काटा आणि उतारा विचारायला शिकलो, ते सहकारामुळंच ना?

शेवटी एक विचार संचालक मंडळापुढं आणि आपणा सर्वांपुढं ठेवतो. लायसिन हे आंबवण्यातून तयार होतं, आणि त्या जंतूंना खायला साखर किंवा मळी लागते. 1950 च्या दशकात जपानात या जातीच्या जंतूंचा शोध लागला. ब्राझीलमध्ये उसाच्या साखरेवर आज लायसिन बनतं. आपल्याकडं मात्र बरंचसं परदेशातून येतं. मळी आपली, सोयाबीन आपलं आणि कोंबडीही आपली, मग मधला दुवा बाहेरचा का? एकट्या कारखान्याला हा उद्योग झेपेल असं मी म्हणत नाही. त्याला भांडवल आणि तंत्रज्ञ लागतात. पण काही कारखान्यांनी एकत्र येऊन निदान अभ्यास तरी करावा.

तोपर्यंत पुढची बॅच टाकण्याआधी पोत्यावरची चिठ्ठी वाचा, आणि शेडात शिरल्यावर आधी नाकाला विचारा. वास झोंबला, तर समजा, तुमचा पैसा तुसात मुरतोय.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग