आकडा दिसला, पण तो खरा कशावरून?

शाळाशाळांतील विज्ञान प्रदर्शनांत अलीकडे एक उपकरण हमखास पाहावयास मिळते. एक लहानसा सेन्सर, आर्डुइनोचा एक फलक, चार तारा आणि पडद्यावर झळकणारा आकडा: ७८०, ९४०, १२६०. वर्गातल्या हवेत कार्बन डाय-ऑक्साइड किती, हे सांगणारे हे यंत्र. २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे असे साहित्य अनेक शाळांत पोचले आहे. आमच्या दिघीला तर एका बाजूस आळंदी रस्त्याची वर्दळ आणि शेजारी भोसरीचे कारखाने. हवा कशी आहे, हा प्रश्न इथल्या मुलांना पडावा हे अगदी स्वाभाविक आहे.

पण त्या आकड्याला आणखी एक प्रश्न विचारायला हवा. तो खरा कशावरून?

वाण्याच्या दुकानातील काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. ठरावीक मुदतीने प्रमाणित वजने ठेवून तो काटा तपासावा लागतो. पाव किलो साखरेसाठी आपण एवढी दक्षता घेतो. मग शंभर मुलांच्या श्वासाविषयी निष्कर्ष काढणारे यंत्र तपासल्यावाचून कसे चालेल? ज्ञात मूल्याशी यंत्राचा आकडा ताडून पाहणे आणि दोहोंतील फरक नोंदवणे, यालाच अंशांकन किंवा कॅलिब्रेशन म्हणतात. माझे स्पष्ट मत असे की, अंशांकनाचे पान जोडलेले नसेल तर कार्बन डाय-ऑक्साइडचा आकडा प्रदर्शनातील तक्त्यावर लिहूच नये.

यामागचे कारण सांगतो. शाळांत सर्वाधिक वापरला जाणारा सेन्सर म्हणजे एमक्यू-१३५. तो स्वस्त आहे आणि सहज मिळतो. त्यात टिन ऑक्साइडचा तापवलेला थर असतो. अमोनिया, अल्कोहोल किंवा धूर त्याला लागला की त्याचा विद्युत रोध बदलतो. हवेतील ओलावा आणि तापमान यांनीही तो बदलतो. कार्बन डाय-ऑक्साइड मात्र पूर्ण जळून झालेला वायू. या थराशी त्याची क्रिया फारच क्षीण. खात्री करायची असेल तर सॅनिटायझरचा बोळा सेन्सरजवळ धरा. आकडा झपाट्याने वर जाईल, आणि त्या बोळ्यातून कार्बन डाय-ऑक्साइड तर निघत नाही! शिवाय या सेन्सरसाठीच्या एका प्रचलित तयार प्रोग्रॅममध्ये बाहेरच्या हवेचे मूल्य सुमारे ३९७ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३९७ भाग, असे आधीच गृहीत धरलेले आहे. सेन्सर त्यावर जुळवून घेतला की पडद्यावर ३९७ दिसणारच. तो आकडा यंत्राने मोजलेला नसतो, आपणच त्यात घातलेला असतो.

दुसऱ्या जातीचा सेन्सर अवरक्त किरणांवर चालतो. कार्बन डाय-ऑक्साइडचे रेणू ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण शोषतात. किती किरण शोषले गेले, त्यावरून रेणू किती हे कळते. हा सेन्सर काही पट महाग, पण याच वायूसाठी घडवलेला. तरी तपासणी यालाही चुकलेली नाही. दिघी समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि इथला हवेचा दाब तिथल्यापेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी. दाबाची दुरुस्ती नसेल तर ४२० च्या ठिकाणी हे यंत्र ३९५ च्या आसपास दाखवील. यांतील अनेक सेन्सर गेल्या काही दिवसांतील सर्वांत कमी आकडा म्हणजेच स्वच्छ हवा असे समजून स्वतःला आपोआप जुळवून घेतात. ज्या खोलीत रात्रंदिवस माणसे असतात, तिथे ही समजूतच चुकीची ठरते.

मग शाळेने काय करावे? पहिली पायरी सोपी आहे. कोरड्या ऋतूत, वारा असलेल्या दुपारी, सेन्सर रस्त्यापासून दूर, मोकळ्या उंच जागी न्यावा. दिघीकरांना दत्तगडाची टेकडी आहेच. पहाटे जाऊ नये. रात्रभर जमिनीलगत साचलेला वायू तेव्हा विरलेला नसतो. दुपारच्या मिसळलेल्या हवेत आज ४२० ते ४३० पीपीएम धरावयास हरकत नाही. अर्धा तास थांबून आकडा लिहून घ्यावा.

दुसरी पायरी रसायनाच्या तासाला करावी. घट्ट झाकणाचा ५० लिटरचा डबा घ्या. १.६ ग्रॅम खाण्याचा सोडा १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातले १० मिलिलिटर द्रावण डब्यात ठेवा. त्यात ०.१६ ग्रॅम सोडा आला. शेजारी लहान वाटीत चमचाभर लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून ठेवा. सेन्सर आणि संगणकातला एक छोटा पंखा डब्यात ठेवून झाकण लावा, मग डबा कलता करून दोन्ही द्रावणे एकत्र करा. ८४ ग्रॅम सोड्यातून १ मोल वायू निघतो. इथल्या दाबाला आणि २७ अंश सेल्सिअसला त्याचे आकारमान सुमारे २६ लिटर. म्हणजे आपल्या ०.१६ ग्रॅममधून ५० मिलिलिटर वायू मिळाला, आणि ५० लिटरमध्ये ५० मिलिलिटर म्हणजे १००० पीपीएमची वाढ. डबा हलवत राहा आणि दर मिनिटाला नोंद करा. आकडा १४२० च्या जवळ स्थिरावला तर यंत्रावर भरवसा ठेवता येईल. पुढच्या खेपेस २० मिलिलिटर द्रावण घेऊन वाढ दुप्पट होते का तेही पाहा. एमक्यू-१३५ लाही हीच परीक्षा द्यायला लावा. तो नापास झाला, तर तो निष्कर्षसुद्धा प्रदर्शनात मांडण्याजोगा आहे.

मोठे शास्त्रज्ञ याहून निराळे काय करतात? चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली, तेव्हा आकडा ३१३ च्या आसपास होता. ते प्रमाणित वायूशी आपले यंत्र पुन्हा पुन्हा ताडून पाहत. तिथे ऋतूंप्रमाणे होणारा चढउतार अवघा ६ पीपीएमचा. यंत्रच १० पीपीएम भरकटले असते, तर पृथ्वीचा हा श्वासोच्छ्वास कुणाला दिसलाच नसता. आपल्या गोव्यात काबो द रामा येथे १९९३ पासून काही वर्षे समुद्रकाठची हवा काचेच्या चंबूत भरून थेट ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेत पाठवली जात असे. इतक्या दूर कशासाठी? जगातील इतर ठिकाणांची हवा ज्या मापाने मोजली जाते, त्याच मापाने आपलीही मोजली जावी म्हणून. त्यामुळेच पावसाळ्यात समुद्रावरून येणारी हवा आणि हिवाळ्यात जमिनीवरून येणारी हवा यांतील फरक खात्रीने सांगता आला.

काही शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम संपवता संपवता नाकी नऊ येतात, यासाठी वेळ कुठला? अडचण खरी आहे. पण मोल, वायूंचे आकारमान, दाब आणि आलेख हे सारे त्या एका डब्यात येते. हा तास अभ्यासक्रमाच्या बाहेरचा नाहीच. दुसरे असे की, या आकड्यावर पुढे निर्णय अवलंबून असतात. मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ सालीच खोलीतील हवेसाठी १००० पीपीएमची मर्यादा सुचवली होती. साठ मुलांच्या वर्गात हा आकडा खरोखर २००० असताना यंत्राने ८०० दाखवला, तर खिडक्या बंदच राहतील, आणि दुपारच्या तासाला जांभया देणाऱ्या मुलांना आपण आळशी म्हणत राहू.

म्हणून परीक्षकांना माझी विनंती आहे. यंदाच्या प्रदर्शनात अशा उपकरणापुढे उभे राहाल, तेव्हा आकडा किती हे विचारण्याआधी अंशांकनाची वही मागा आणि निम्मे गुण तिलाच द्या. आणि मुलांनो, ‘आमचे यंत्र ९ टक्के कमी दाखवते’ असे तक्त्यावर लिहिताना मुळीच संकोचू नका. ते वाक्य लिहिण्यापूर्वी तुम्ही मोजणी केलेली असेल.