मेलेल्यांची हजेरी

‘बो जेस्ट’ हा सिनेमा १९३९ चा. दिग्दर्शक विल्यम वेलमन, हिरो गॅरी कूपर. सहारा वाळवंटात एकटा किल्ला, आत मूठभर शिपाई, बाहेर टुआरेगांच्या झुंडी. युद्धपटांतला क्लासिक म्हणतात याला. कलाबिला समजणारी मंडळी हा सिनेमा बघून शौर्य, त्याग, बंधुप्रेम असलं काहीबाही बोलतात. बोलू द्या. आपण दुसरं विचारू. किल्ला कुणाचा? भिंतीवर मेला तो कोण?

सिनेमातलं उत्तर सोपं आहे. मेले ते साहेबांचे पोरगे. लेडी ब्रँडनच्या वाड्यात वाढलेले तीन भाऊ. वाड्यातलं नीलरत्न चोरीला जातं, तिघंही चोरीचा आळ स्वतःवर घेतात आणि फ्रेंच फॉरिन लिजनमध्ये भरती होतात. शेवटी कळतं की रत्न खोटंच होतं. खरं बाईनं कधीच विकून खाल्लेलं. म्हणजे वाड्याची अब्रू राखायला दोन भाऊ वाळवंटात मेले. आणि आपण रडायचं.

पण या सिनेमात एक गोष्ट अशी आहे की ती बघून झोप उडते. सार्जंट मार्कोफ एकेक शिपाई मरेल तसं त्याचं प्रेत उचलतो, तटाच्या भोकाशी टेकवून उभं करतो, हातात बंदूक देतो. बाहेरच्याला वाटावं किल्ला भरलेला आहे. मेला तरी सुटका नाही. मेल्यावरही ड्यूटी.

दोस्तहो, हे बघायला आपल्याला सहारात जायची गरज नाही. धक्क्यावर मेलेल्या माणसाचं नाव हजेरीपटावर महिनोन् महिने जिवंत राहिलेलं मी पाहिलंय. माणूस मातीत, नाव पाळीवर, पगार मुकादमाच्या खिशात. मार्कोफला मी ओळखतो तो असा. त्याला फक्त युनिफॉर्म आहे.

सिनेमाची खरी लबाडी पुढे आहे. मार्कोफच्या छळाला कंटाळून शिपाई बंड करायचं ठरवतात. हे बंडवाले कसे दाखवलेत? घामट, घाबरट, भेसूर. आणि खानदानी बो आणि जॉन बंडात सामील होत नाहीत. इमानाला जागतात. म्हणजे मुकादम सैतान आहे हे कबूल, पण त्याच्याविरुद्ध उठणं हलकटपणा. मालकाच्या इमानात मरणं मात्र ‘दिलदार कृती’. ‘बो जेस्ट’चा अर्थच तो. आणि टुआरेग? त्यांना तर तोंडच नाही. ते गोळी खाऊन पडायला येतात. ज्यांची जमीन त्यांनाच एक वाक्य बोलायला दिलेलं नाही.

मूळ कादंबरी १९२४ ची, पी. सी. रेन या साहेबाची. हा आपल्या ओळखीचा आहे. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात तो नोकरीला होता. मॅट्रिकला ज्याच्या व्याकरणानं आपली हाडं मोडली तो ‘रेन अँड मार्टिन’मधला रेन हाच. कर्ता कोण, कर्म कोण हे आपल्याला शिकवणारा माणूस. त्याच्या कादंबरीतही कर्ता गोराच.

आता खरा इतिहास बघा. सिनेमातला झिंडरनफ किल्ला काल्पनिक, पण झिंडर हे गाव खरं, आजच्या नायजर देशातलं. फ्रेंचांनी ते १८९९ साली घेतलं. त्या मुलखातल्या ठाण्यांवर अधिकारी गोरे, पण बंदूक धरणारे बहुतेक काळे शिपाई. त्यांना ‘तिरायर’ म्हणत. ही पलटण १८५७ साली सेनेगलमध्ये उभी राहिली. सुरुवातीला मालकाला पैसे मोजून गुलामच भरती केले जात. १८९९ सालीच वूले आणि शानुआन या फ्रेंच अधिकाऱ्यांची फौज झिंडरकडे गावं जाळत निघाली होती. जाळणारे हात याच तिरायरांचे होते, हे लपवायचं कारण नाही. पण शेवटी याच शिपायांनी बंड करून दोन्ही साहेबांना ठार केलं. सिनेमानं हा काळा शिपाईच पुसून टाकला आणि त्याच्या जागी गॅरी कूपर उभा केला. बंडसुद्धा चोरलं आणि बदनाम करून वापरलं.

मग आपल्याकडे या. १ जानेवारी १८१८, कोरेगाव. कंपनीचे सुमारे ८०० शिपाई, समोर पेशव्यांची अफाट फौज. तिथल्या स्तंभावर मेलेल्यांची ४९ नावं आहेत, त्यांतली २२ महारांची, शेवटी ‘नाक’ लावलेली. त्या सिनेमात नाही मिळालं ते नाव इथं दगडावर मिळालं. पण किल्ला तेव्हाही आपला नव्हता. १८९२ च्या सुमारास त्याच इंग्रजानं महारांची भरती बंद केली. आपल्या माणसांना अर्जावर अर्ज करावे लागले. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले ते कंपनीला सलाम ठोकायला नव्हे. मेलेल्यांचा हिशेब जिवंतांच्या हातात द्यायला गेले.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कोरेगाव जर आपण ‘बो जेस्ट’सारखं सांगू लागलो, म्हणजे नुसती तलवार, नुसतं शौर्य, पेशवाईत माणसाच्या गळ्यात काय अडकवलं होतं ते गाळून आणि भरतीबंदी गाळून, तर आपणच आपली प्रेतं तटावर टेकवून उभी करू. आणि त्यामागे कुणीतरी मुकादम निवांत बसेल. आपल्यातलाच असेल कदाचित.

दुसरा सिनेमा आहे. सेनेगलचा उस्मान सेंबेन. स्वतः तिरायर होता, मग मार्सेयच्या गोदीत हमाली केली, मग लेखक झाला. पहिली कादंबरीच ‘काळा गोदी कामगार’, १९५६. त्यानं एका साथीदारासोबत १९८८ साली ‘कँप द तियारॉय’ काढला. जर्मन कैदेतून परतलेले तिरायर डाकारजवळच्या छावणीत थकलेला पगार मागतात. १ डिसेंबर १९४४ ला फ्रेंच फौज त्यांच्यावर गोळ्या घालते. सरकारनं आधी ३५ मेले सांगितलं. काही इतिहासकार शेकडो म्हणतात. त्याला कत्तल म्हणायला फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाला नोव्हेंबर २०२४ उजाडावा लागला. ८० वर्षं.

बघा हजेरीपट कसा चालतो. लढायचं असतं तेव्हा मेलेलाही जिवंत धरतात. पगार द्यायचा असतो तेव्हा जिवंतालाही मारतात, आणि मेलेला मोजतही नाहीत.

पोरांनो, सिनेमा बघा. हाही बघा, तोही बघा. कविता लिहिणाऱ्यांनी तर बघाच. फक्त टाळी वाजवायच्या आधी तटावरच्या माणसाचं नाव विचारा, आणि त्याचा पगार कुणी उचलला तेही विचारा.