सेव्ह केलं म्हणजे झालं?

मित्रहो, सध्या आपल्या लॅबमधला सगळ्यात लाडका शब्द कोणता, तर 'हॉट रिलोड'! फाइल सेव्ह करा, मान वर करा, स्क्रीनवर बदल हजर. सोय झकासच आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते "हॉट रिलोडमध्ये चाललं म्हणजे प्रोग्रॅम बरोबर" या समजुतीशी. प्लगइन लिहिणाऱ्यांना तर ही समजूत फारच महागात पडते.

आधी आत काय चालतं ते बघू. 'वीट' हा डेव्ह सर्व्हर घ्या (फ्रेंचमध्ये याचा अर्थ 'जलद', आपल्याला सबमिशनचा येतो तो वीट वेगळा!). तो फाइलींवर नजर ठेवतो. एखादी बदलली की तो बदल स्वीकारायला कोण तयार आहे, हे त्या मॉड्यूलपासून वर, त्याला इम्पोर्ट करणाऱ्यांपर्यंत शोधतो. कोणी सापडलं तर वेबसॉकेटवरून ब्राउझरला निरोप जातो आणि तेवढाच भाग बदलतो. कोणीच नसेल तर अख्खं पान नव्याने लोड! रिॲक्टचं फास्ट रिफ्रेशही फंक्शन कम्पोनंटची स्टेट जपतं, पण क्लास कम्पोनंटची नाही. हुक्सचा क्रम बदलला तरी स्टेट गेलीच.

थोडक्यात, कोड बदलतो, पण मेमरीत आधी घडून गेलेलं आपोआप बदलत नाही. इथेच प्लगइनची गोची होते.

प्लगइन हा पाहुणा. यजमान प्रोग्रॅम त्याला सुरुवातीला एकदाच बोलावतो (व्हीएस कोडमध्ये त्या फंक्शनचं नाव 'ॲक्टिव्हेट'). तेव्हा तो आपल्या कमांड आणि इव्हेंट ऐकणारी फंक्शन्स यजमानाकडे नोंदवतो. आता नुसतं मॉड्यूल बदललं तर यजमानाच्या हातात जुन्याच फंक्शनचा पत्ता राहतो. बरं, नव्याची नोंद केली पण जुनी काढली नाही, तर भाडेकरू दोन आणि खोली एक! एका इव्हेंटला दोन-दोन उत्तरं येऊ लागतात.

मॅनिफेस्टची तऱ्हा आणखी वेगळी. व्हीएस कोडच्या एक्स्टेन्शनमध्ये नवी कमांड जाहीर केली, तर चाचणीची विंडो रिलोड केल्याशिवाय ती दिसत नाही. क्रोममध्ये पॉपअपचं पान बदललं तर पुन्हा उघडलं की पुरे. पण मॅनिफेस्ट किंवा सर्व्हिस वर्कर बदलला तर एक्स्टेन्शनच रिलोड करावं लागतं. कन्टेन्ट स्क्रिप्ट बदलली तर ती ज्या पानावर चालते तेही.

कोणी म्हणेल, हा टूलचा दोष, उद्या सुधारेल. मला नाही पटत. जावामध्ये २००२ च्या जेडीके १.४ पासून हॉटस्वॅप आहे, पण त्यात मेथडच्या आतला कोडच बदलता येतो, नवं फील्ड घालता येत नाही. एरिक्सनमध्ये जन्मलेली अर्लांग तर टेलिफोन एक्स्चेंज बंद न पाडता कोड बदलता यावा म्हणूनच घडली. तिथेही एका मॉड्यूलच्या एका वेळी दोनच आवृत्त्या राहतात. तिसरी आली की सर्वांत जुन्या कोडवर रेंगाळणाऱ्या प्रोसेस मारल्या जातात. आणि जुनी स्टेट नव्या रूपात कशी न्यायची, ते प्रोग्रॅमरनेच 'कोड चेंज' या फंक्शनमध्ये लिहायचं असतं. कारण उघड आहे. जुन्या डेटाचा नव्या कोडात अर्थ काय, हे मशीनला कसं कळणार? ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक!

म्हणून माझं म्हणणं एवढंच. यजमानाकडे जे नोंदवाल, ते काढून टाकण्याचा कोडही त्याच दिवशी लिहा. इंटरफेस किंवा मॅनिफेस्टला हात लावला की कुरकुर न करता रीस्टार्ट करा. आणि डेमोच्या आदल्या दिवशी प्लगइन पॅकेज करून, ज्याने ते कधी पाहिलेलंच नाही अशा मित्राच्या मशीनवर टाकून बघा.

सरांनाही एक नम्र विनंती: प्रोजेक्टच्या मार्कांत "बंद करून पुन्हा चालू करून दाखवा" याला थोडी जागा द्या. व्हायव्हात एकवेळ निभावून जाईल हो, पण वापरणाऱ्याकडे आपला डेव्ह सर्व्हर नसतो. त्याच्यासाठी प्रत्येक सकाळ म्हणजे कोरी सुरुवात असते, आणि त्याने आपल्याला जोखायचं ते त्याच सुरुवातीवर.

बघा, पटतंय का!